‘फॉरमॅट मारा’ हे उत्तर नव्हे

(बी. ए. भाग २)

आपल्या कला शाखेत एक समज फार खोल रुतून बसला आहे. यंत्र बिघडले की ते आपल्या अखत्यारीतले नव्हे. ते उचलावे, दुकानात न्यावे आणि दुकानदार म्हणेल त्याला मान डोलवावी. मीही दीड वर्ष हेच करीत होते. त्यात माझे काय गेले आणि काय जाता जाता वाचले, हे सांगितल्यावाचून मला माझे मत मांडता येणार नाही. तेव्हा थोडी घरची हकीकत ऐकून घ्यावी लागेल.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आबा उद्यमनगरात लेथवर टर्नर आहेत, शिक्षण सातवी. मी बारावी झाले तेव्हा त्यांनी भिशी उचलली आणि एक वापरलेला लॅपटॉप आणून दिला. पहिले चार-सहा महिने बरे गेले. मग त्याला झटके येऊ लागले. दहा मिनिटे गुणाने चालायचा आणि मध्येच थिजायचा. बाण हलायचा, पण कशावरही टिचकी मारली तरी काही उघडायचे नाही. खिडकी पांढरी फटक पडायची आणि वर इंग्रजीत अक्षरे यायची, ‘नॉट रिस्पॉन्डिंग’. म्हणजे उत्तर देत नाही. दाखल्यांसाठी आपण ज्या खिडक्यांपुढे रांगा लावतो तिथेही हाच अनुभव असतो, फक्त तिथे तसे लिहिलेले नसते!

दुकानदाराने यंत्र पाच मिनिटे पाहिले आणि माझ्याकडे न बघता माझ्याबरोबर आलेल्या चुलतभावाला सांगितले, “व्हायरस हाय. फॉरमॅट मारूया.” हा भाऊ आठवीत आहे. पाचशे रुपये गेले, आणि पहिल्या वर्षाची सगळी टिपणेही गेली. तीन आठवडे यंत्र सुरेख चालले. चौथ्या आठवड्यात पुन्हा तेच. मी पुन्हा त्याच दुकानात, आणि पुन्हा तेच औषध.

या खेपेला मात्र मी यंत्र उचलून परत आणले. कारण त्यात माझ्या आजीच्या ओव्या होत्या. मराठीच्या प्रकल्पासाठी मी तिच्याकडून जात्यावरच्या चव्वेचाळीस ओव्या म्हणवून घेऊन मोबाईलवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. मोबाईल भरला म्हणून त्या लॅपटॉपवर टाकल्या आणि मोबाईलवरून पुसल्या. दुसरी प्रत ठेवली नाही, हा मूर्खपणा माझाच. श्रावणात आजी गेली. आता फॉरमॅट म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायला नको होते.

त्या रात्री आबांनी विचारले, “कवा अडतंय आन् कवा न्हाई, लिवून ठेवलंस का?” मी म्हटले, नाही. ते म्हणाले, “मग दुकानदार तरी काय सांगणार? मशीन आधी ऐकायचं, मग पान्याला हात लावायचा.”

मी वही केली. आठ दिवस लिहिले: वेळ, काय उघडे होते, नेमके काय अडले. त्या वहीने जे दाखवले ते दुकानाच्या दोन फेऱ्यांत दिसले नव्हते. सकाळी थंड यंत्र चालू करताच ते अडे, आणि तासभर तापल्यावरही अडे. म्हणजे धूळ आणि उष्णता हे कारण दिसत नव्हते. नेट बंद ठेवले तरी अडे. म्हणजे संकेतस्थळांचा दोष नव्हे. यंत्र सुरू होताना आपोआप जागे होणारे अनावश्यक प्रोग्रॅम बंद केले. थोडा फरक पडला, झटके राहिले. गणकयंत्राची खिडकी झटकन उघडे, वर्ड मात्र उघडेना. आणि ओव्यांच्या फोल्डरला हात लावला की हटकून थिजे. रोग साऱ्या अंगाला असता, तर तो एकाच जागी दुखला नसता.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. कोणता अवयव किती राबतो आहे याचे आकडे तिथे दिसतात. झटका आला की प्रोसेसर पाच-सहा टक्क्यांवर निवांत, मेमरीतही जागा शिल्लक, आणि डिस्क मात्र १०० टक्के. म्हणजे सारी यंत्रणा एका डिस्कसाठी ताटकळत होती. विंडोज स्वतःच्या दुखण्यांची रोजनिशी ठेवते, तिला इव्हेंट व्ह्यूअर म्हणतात. तिथे त्याच वेळांना ७ क्रमांकाची नोंद होती: डिस्कवर खराब जागा सापडली. दीड वर्ष हे यंत्र आपले दुखणे लिहून ठेवीत होते. आम्हांपैकी कोणी वाचले नव्हते.

आबांना मी समजावले की आत एक चकती मिनिटाला ५४०० फेरे घेते आणि तिच्यावर एक सुई अधांतरी फिरून वाचते. ते म्हणाले, “एवढ्या फेऱ्यांवर माझा जॉब छपराला जाईल.” मग त्यांनी लॅपटॉपला कान लावला. थोड्या वेळाने म्हणाले, “टकटकतंय. आतलं गेलंय हे.” चकतीवरची एखादी जागा खराब झाली की डिस्क ती पुन्हा पुन्हा वाचायचा यत्न करते आणि तोवर बाकीचे सगळे थांबून राहते. वर्डच्या फाइलचा तुकडा अशा जागी असला की वर्ड उघडत नाही. गणकयंत्र चांगल्या जागी असले की ते चालते. आता फॉरमॅटनंतरचे ते तीन आठवडेही उलगडतात. नव्या फाइली शाबूत जागी बसल्या असतील, एवढेच. जखम तिथेच होती.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती चुकली तर भरून येत नाही. डिस्क मरू लागली आहे अशी शंका येताच दुरुस्तीच्या आज्ञा देत बसू नये. त्या आज्ञा डिस्कला आणखी राबवतात. आधी जे मोलाचे आहे त्याची प्रत बाहेर काढावी. मी तीन रात्री बसून एकेक ओवी पेनड्राइव्हवर घेतली. जी अडेल ती सोडून पुढे जायचे, शेवटी तिच्याकडे परत यायचे. एक्केचाळीस आल्या. तीन आल्या नाहीत. त्यांतल्या एकीचे शब्द मला आठवतात, आजीचा सूर मात्र नाही.

पुढचे काम त्या मानाने क्षुल्लक. दीड-दोन हजारांत नवी डिस्क आली. ही फिरती चकती नसलेली, एसएसडी म्हणतात ती. घड्याळजीकडून बारीक स्क्रू-ड्रायव्हर मागून आणला आणि मी व आबांनी मिळून ती बसवली. विंडोज १० चा सर्वसाधारण मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला माझा जुना प्रोसेसर चालत नाही. म्हणून लिनक्स घातले. मेनू बराचसा मराठीत दिसतो, हे पाहून आईलाही दोन अक्षरे वाचावीशी वाटली. सरांनी पाठवलेल्या वर्डच्या फाइली कधी कधी विस्कटतात, हेही खरे. त्याची मी सवय करून घेत आहे.

आता माझे म्हणणे. कोणी विचारील, बी. ए.च्या मुलीने हे उपद्व्याप करावेतच कशाला? दुकाने आहेत ना! दुकाने असावीत, मी त्यांच्या पोटावर पाय आणीत नाही. पण जो रोगी आपले दुखणे सांगू शकत नाही, त्याला सरसकट एकच काढा मिळतो. आणि हा प्रश्न निदान कोल्हापुरात तरी कोणी विचारू नये. याच शहरात आनंदराव आणि बाबूराव हे दोन पेंटर बंधू पडदे रंगवता रंगवता चित्रपटाच्या कॅमेऱ्याच्या मागे लागले. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी काम सोडले नाही, आणि १९१८ साली देशी कॅमेरा उभा केला. १९२० साली ‘सैरंध्री’ आला. ते अभियंते नव्हते, चित्रकार होते. कला आणि यंत्र यांची सोयरीक तुटलेली आहे असे त्यांना कोणी सांगितले नसावे. आपल्याला मात्र कोणी तरी सांगितलेले दिसते, आणि आपण ते मोठ्या अभिमानाने मिरवतो. “मला त्यातलं काही कळत नाही,” हे वाक्य आपल्या वर्गात ज्या थाटात उच्चारले जाते, त्या थाटात “मला व्याकरण कळत नाही” असे कोणी म्हणेल काय?

नव्या शैक्षणिक धोरणाने कौशल्याचे तास आणले आहेत. त्या तासांना आपण काय शिकतो? पत्र टंकलिखित करणे, तक्ता आखणे. हे हवेच. पण दोन तास यंत्राच्या आजारासाठी का देऊ नयेत? टास्क मॅनेजर वाचावा कसा, प्रत ठेवावी कशी, डिस्क आणि मेमरी यांत फरक काय. नव्या यंत्रांच्या मुलांना याची तितकी निकड नसेल. पण आमच्यापैकी अनेकांची यंत्रे दुसऱ्या-तिसऱ्या हातची आहेत, ती बिघडणारच. आणि दर बिघाडाला पाचशे रुपये व वर्षाची टिपणे देणे आम्हांला परवडत नाही. प्राध्यापक मंडळींनीही हे मनावर घ्यावे, अशी नम्र विनंती आहे. त्यांची पेनड्राइव्हवर एकुलती एक असलेली व्याख्याने मी पाहिली आहेत.

संगणक कक्षात एक स्क्रू-ड्रायव्हरचा संच ठेवावा, असा अर्ज आम्ही सात जणींनी दिला आहे. माझी आठ दिवसांची नोंदवही तिथल्याच टेबलावर आहे. कोणाचे यंत्र अडत असेल त्याने ती चाळावी, मात्र घरी नेऊ नये. तिचीही दुसरी प्रत अजून काढलेली नाही.