हाफकिन, शेळीचं मांस आणि आपल्या मोहल्ल्यातला संशय

परळच्या हाफकिन संस्थेचं नाव माझ्या वर्गातल्या मुलांना माहीत असतं, पण ते सापाच्या विषावरच्या औषधामुळे. हाफकिन हे एका माणसाचं नाव आहे, हे सांगितलं की मुलं चकित होतात. मला वाटतं, हा माणूस उर्दू शाळांमध्ये तरी नीट शिकवला गेला पाहिजे.

वाल्डेमार हाफकिन 1860 साली ओडेसात एका ज्यू कुटुंबात जन्मले. शरीरातल्या पेशी जंतूंना गिळून टाकतात हे दाखवणारे मेचनिकॉफ हे त्यांचे गुरू. धर्म बदलला असता तर रशियात प्राध्यापकी मिळाली असती. त्यांनी तो बदलला नाही. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि जुलै 1892 मध्ये पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. 1893 मध्ये ते हिंदुस्थानात आले.

1896 मध्ये मुंबईत प्लेग पसरला तेव्हा सरकारने त्यांना बोलावून घेतलं. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये थोडीशी जागा मिळाली, हाताखाली मोजकी माणसं. मांसाच्या रश्श्यात प्लेगचे जंतू वाढवायचे, वर तुपाचे थेंब सोडायचे म्हणजे जंतू त्याला धरून खाली लोंबत वाढतात, मग उष्णता देऊन ते मारायचे. मेलेला जंतू रोग देत नाही, पण शरीराला शत्रूची ओळख करून देतो. रस्सा शेळीच्या मांसाचा होता. गाईचा नाही, डुकराचाही नाही. परमुलखातून आलेल्या माणसाने इथल्या दोन्ही समाजांचा एवढा विचार केला, याचं मला फार अप्रूप वाटतं. 10 जानेवारी 1897 ला ही लसही त्यांनी आधी स्वतःला टोचली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर प्रयोग झाला. (कैद्याच्या होकाराला किती अर्थ असतो, हा प्रश्न आज आपण विचारलाच पाहिजे.)

सरकारची रीत मात्र वेगळी होती. शिपायांनी घरात घुसायचं, परक्या पुरुषांनी बायकांना तपासायचं, आजाऱ्याला उचलून न्यायचं. मार्च 1898 मध्ये मदनपुऱ्यातले जुलाहे यावरूनच भडकले आणि मुंबईत दंगल झाली. पुण्यातल्या रँडच्या वधाबद्दल मुलं वाचतात, मदनपुऱ्याबद्दल नाही. आणि ज्यांना हे माहीत असतं, ते 'मुसलमानांचा औषधालाच विरोध' असा त्याचा अर्थ लावतात. मला हे साफ नामंजूर आहे. भांडण उंबरठ्यावरचं होतं, सुईचं नव्हतं. त्याच मुंबईत विशीही न ओलांडलेल्या तिसऱ्या आगाखानांनी हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी आपली जागा दिली आणि लोकांसमोर एकदा नव्हे, अनेकदा लस टोचून घेतली. ते पाहून त्यांच्या अनुयायांनीही घेतली.

यानंतर 1902 साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावात एकाच बाटलीतली लस घेतलेली 19 माणसं धनुर्वाताने दगावली. खापर हाफकिन यांच्यावर फुटलं आणि त्यांना कामावरून दूर केलं गेलं. बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला नव्हता, हे पुढे आलं. तरी निर्दोष ठरायला 1907 उजाडलं. रोनाल्ड रॉससारखे शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने वर्तमानपत्रात लिहिते झाले तेव्हा कुठे हे घडलं. परत बोलावलं, पण मुंबईला नाही, कलकत्त्याला. तिथूनच ते निवृत्त झाले. संस्थेला त्यांचं नाव मिळालं 1925 मध्ये.

2022 मध्ये गोवंडीत गोवराने मुलं दगावली तेव्हा पुन्हा तेच ऐकू आलं: 'हे लोक लसच घेत नाहीत.' तिथली दाटीवाटी, कोरोनाच्या काळात चुकलेले डोस, मजुरी बुडवून दवाखान्यात थांबणं, हे कोण मोजतं? पण आपल्या मोहल्ल्यात मोबाइलवर फिरणाऱ्या अफवाही खऱ्या आहेत, त्या झाकून चालणार नाही. पालकसभेत एक आई मला दबक्या आवाजात विचारते, "सर, इससे आगे औलाद तो होगी ना?" तिला अडाणी म्हणून काय साधणार? तिच्याशी तिच्या बोलीत बोलणारी नर्सताई हवी. जुम्याच्या नमाजनंतर इमामसाहेबांनी स्वतःच्या नातवाला सगळ्यांसमोर डोस द्यावा. आणि आम्ही शिक्षकांनी विज्ञानाच्या तासाला एकदा तरी शेळीच्या रश्श्याची गोष्ट सांगावी. मुलं ती घरी जाऊन सांगतातच.