जुन्या नमुन्याचा स्वेटर आणि शनिवारचा तास

“बाजारांत पांचसहाशें रुपयांस तयार स्वेटर मिळत असतां आमच्या मुलांनीं तीनतीन महिने सुया घेऊन कां बसावें?” असा प्रश्न मागील पालकसभेंत एका सद्गृहस्थांनीं आम्हांस केला. प्रश्न रागानें केलेला नव्हता. त्यांच्या चिरंजीवांची शिष्यवृत्तीची परीक्षा जवळ आली होती, आणि शनिवारचा विणकामाचा तास बंद करून तो गणिताच्या तयारीस द्यावा अशी सूचना त्यांनीं मांडली. सूचनेस टाळ्याहि पडल्या. निर्णय पुढील वर्षाच्या वेळापत्रकाबरोबर व्हावयाचा आहे. त्या दिवशीं वेळेच्या अभावीं आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. तें येथें देत आहों.

प्रथम जें कबूल करावयाचें तें कबूल करून टाकूं. पैशाच्या हिशेबानें आमची बाजू पडती आहे. चांगल्या लोकरीचीच किंमत तयार स्वेटराहून अधिक होते, मग मजुरीची गोष्ट दूरच राहिली. शिवाय आपल्याकडील हिंवाळा तो किती? नाताळच्या आगेमागें दीड-दोन महिने. ज्यांस स्वेटर केवळ थंडीसाठीं हवा असेल त्यांनीं तो खुशाल विकत घ्यावा. आमची हरकत नाहीं.

सध्यां मुलांमुलींत या कामाची जी आवड पुन्हां उत्पन्न झाली आहे ती थंडीमुळें नसून चित्रांमुळें आहे. नववीच्या कांहीं मुलींनीं मोबाईलवर १९४० च्या सुमारच्या इंग्रज स्त्रियांचीं चित्रें पाहिलीं: कमरेशीं आंवळ, खांद्याशीं फुगीर बाह्यांचे, पातळ लोकरीचे स्वेटर. “असाच आम्हांस करावयाचा,” असा त्यांनीं हट्ट धरला. योगायोग असा कीं, शिवणाच्या कपाटाच्या तळाशीं पूर्वींच्या कोणा शिक्षिकाबाईंनीं ठेवलेलें त्याच काळांतील नमुन्यांचें एक बाडच निघालें. त्यांतील बरींचशीं पत्रकें पॅटन्स अँड बाल्डविन्स या कंपनीचीं आहेत. लोकरीच्या दोन जुन्या पेढ्या १९२० सालीं एकत्र येऊन ही कंपनी झाली. लोकर खपावी म्हणून अशीं पत्रकें ती अल्प किमतींत विके.

तीं वाचूं लागलों तेव्हां प्रथम कांहींच उमजेना. सारा मजकूर आंखूड खुणांनीं भरलेला, आणि सुयांचे क्रमांक तर उलटेच! जुन्या ब्रिटिश पद्धतींत क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक. दहा क्रमांकाची सुई सव्वातीन मिलिमीटरची, तर आठ क्रमांकाची चार मिलिमीटरची. अमेरिकन पद्धत याच्या विरुद्ध. तेथील आठ क्रमांकाची सुई पांच मिलिमीटरची असते. पत्रक कोणत्या देशाचें हें न पाहतां सुया घेतल्या तर भावाचा स्वेटर बापास होईल! आपल्या बाजारांत मात्र अद्यापि बहुधा जुन्याच ब्रिटिश क्रमांकांच्या सुया मिळतात, म्हणून येथें आपली सोय झाली.

हे नमुने इतके आंखूड आणि पातळ लोकरीचे कां, असें मुलींनीं विचारलें. एक कारण असें कीं, त्या वेळच्या झग्याची कंबर वर असे, म्हणून स्वेटर तेथपर्यंत आला म्हणजे पुरे. दुसरें कारण युद्धाचें. इंग्लंडांत १ जून १९४१ पासून कपड्यांवर नियंत्रण आलें. पहिल्या वर्षीं प्रत्येक प्रौढास सहासष्ट कुपनें मिळालीं, आणि दोन औंस, म्हणजे सुमारें सत्तावन ग्रॅम, लोकरीस एक कुपन द्यावें लागे. बूट, कोट, झगे, सारें त्याच सहासष्टांत. तेव्हां ज्या पत्रकांत थोडक्या औंसांत स्वेटर बसविण्याची खटपट दिसते, तिच्यामागें ही मोजदाद आहे. १९४३ सालीं सरकारनेंच जुनें दुरुस्त करून वापरण्याविषयीं पुस्तिका काढली. जुने स्वेटर उसवावे, लोकरीच्या लडी करून धुवाव्या, वजन टांगून सरळ कराव्या आणि पुन्हां विणाव्या, असा घरोघर क्रम पडला. पुरेशी एका रंगाची लोकर नसे म्हणून पट्टे आले, आणि फेअर आयल पद्धतीच्या रंगीत नक्षीचाहि चांगला उपयोग झाला. स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी व शेटलंड यांच्यामध्यें फेअर आयल नांवाचें चिमुकलें बेट आहे. तेथील ही वीण. एका ओळींत दोनच रंग चालवावयाचे, आणि ज्या रंगाचें काम नाहीं तो मागून नेत राहावयाचा. १९२२ सालीं त्या वेळच्या प्रिन्स ऑफ वेल्सनें सेंट अँड्रूज येथें गोल्फ खेळतांना असा स्वेटर घातला आणि कोळ्यांच्या अंगावरील ही वीण एकदम शिष्टसंमत झाली. राजपुत्रानें शोधलेली कला कोणती हें सांगणें कठीण. पण राजपुत्रानें घातलेलें वस्त्र लोकांस सुंदर दिसूं लागतें हें खरें. नियंत्रण मार्च १९४९ मध्यें उठलें. आज जीं चित्रें मुलींस इतकीं मोहक वाटतात त्यांतील पुष्कळशी शोभा टंचाईतून आलेली आहे, हें त्यांस कळल्यावर वर्ग कांहीं वेळ स्तब्ध होता.

आतां आमची स्वतःची फजिती सांगितली पाहिजे. मुलांस शिकविण्यापूर्वीं आपण करून पाहावें म्हणून आम्हीं एक नमुना घेतला आणि तो अक्षरशः पाळला. एक टाकाहि इकडचा तिकडे केला नाहीं. पत्रकांत छातीचें एकच माप होतें, चौतीस इंच. एका इंचांत सात टाके. म्हणजे एकंदर दोनशें अडतीस टाके. आमचा हात जरा सैल. एका इंचांत साडेसहाच टाके बसत होते. अर्ध्या टाक्याकडे कोण पाहतो? पण दोनशें अडतिसांस साडेसहानें भागून पाहा: साडेछत्तीस इंचांहून अधिक होतात. अर्ध्या टाक्यानें अडीच इंच खाल्ले, किंवा दिले म्हणा! लोकरहि चुकली. दुकानांत ‘लोकर’ म्हणून मिळते ती पुष्कळदां अॅक्रिलिकची असते. मेंढीच्या लोकरीस अंगचा ताण असतो. दोन सुलट दोन उलट विणलेला काठ ओढला तरी परत आवळतो. अॅक्रिलिकचा काठ तितका आवळत नाहीं, आणि त्यावर गरम इस्त्री फिरली कीं तो कायमचा निर्जीव होतो. जुन्या स्वेटरांचा सारा आकार त्या काठावर उभा असे. ज्या भाचीसाठीं तो विणला ती महाविद्यालयांत जाते. तिनें तो घातला, आरशांत पाहिलें, “छान आहे,” म्हणाली, आणि पुन्हां कधीं घातला नाहीं.

या अनुभवावरून आमचें मत असें झालें कीं, जुन्या नमुन्याशीं इमान राखणें म्हणजे त्याचा शब्द न् शब्द पाळणें नव्हे. तो नमुना ज्या शरीरासाठीं लिहिला तें शरीर आपल्यापुढें नाहीं. आपल्यापुढें उभी आहे ती आजची मुलगी. तिचें माप घ्यावें, वीतभर तुकडा विणून टाके मोजावे, आणि मग पत्रकांतील आंकडे बदलावे. जाणत्यांनींहि हेंच केलें आहे. जेन वॉलर या बाईंनीं १९७२ सालीं १९२० ते १९४० च्या दशकांतील नमुन्यांचें एक पुस्तक काढलें. २००८ सालीं सूझन क्रॉफर्ड यांच्या साह्यानें तें पुन्हां निघालें, तेव्हां जुने नमुने आजच्या निरनिराळ्या मापांसाठीं नव्यानें लिहून त्यांत घातले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानेंहि १९४० च्या दशकांतील कांहीं नमुने सर्वांस विनामूल्य उपलब्ध करून दिले. साधनांची वाण नाहीं, मोजण्याचा कंटाळा आहे.

तसेंच ‘जुनें तें सोनें’ म्हणून सर्वच उचलणाऱ्यांसहि आमचा विरोध आहे. १९३० च्या सुमारास पोहण्याचे पोषाखसुद्धां लोकरीचे विणीत. पाण्यांत शिरतांच ते पाणी पिऊन जड होत आणि लोंबूं लागत. त्यांचे नमुनेहि उपलब्ध आहेत. ते कोणीं विणूं नयेत.

कांहीं पालकांचा आक्षेप निराळा आहे. मुलींनीं विणावें, पण मुलग्यांस त्यांत कां ओढतां? यांस इतिहासाची माहिती नाहीं असें नम्रपणें म्हणावें लागतें. युरोपांत हातविणीच्या कारागिरांचे संघ होते, त्यांतील उस्ताद बहुधा पुरुषच असत. रिचर्ड रट या नांवाचे मिशनरी १९५४ सालीं कोरियांत गेले, सुमारें वीस वर्षें तेथें राहिले आणि पुढें इंग्लंडांत लेस्टरचे बिशप झाले. हातविणीचा सविस्तर इतिहास त्यांनींच १९८७ सालीं लिहिला, आणि त्यांनीं जमविलेलीं विणकामाचीं जुनीं पुस्तकें विंचेस्टर येथील कलाशाळेच्या ग्रंथालयांत आहेत. बिशपांस जें शोभलें तें आठवीच्या विद्यार्थ्यांस शोभणार नाहीं काय?

राहिला गणिताचा प्रश्न. वर सांगितलेला दोनशें अडतिसांचा भागाकार आम्हीं वर्गांत घातला तेव्हां पहिलें उत्तर त्या सद्गृहस्थांच्या चिरंजीवांनींच दिलें. हें आम्ही त्यांच्या संमतीनें लिहीत आहों. परंतु गणित यावें म्हणून विणावें असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. गुळांत घालून दिलेलें औषध मुलें ओळखतात.

आमच्या मनांत निराळीच गोष्ट आहे. कापलेलें कापड चुकलें तर चुकलें. तें पुन्हां सांधत नाहीं. हातानें विणलेल्या स्वेटराचे भाग कापीत नाहींत. टाके वाढवून वा घटवून त्यांस आकार देतात, म्हणून धागा अखंड राहतो आणि शेवटचें टोंक सांपडलें कीं सारें मूळपदावर आणतां येतें. जर्मनींत हँबुर्ग येथें मास्टर बर्ट्राम या चित्रकाराचें सुमारें १४०० सालचें एक चित्र आहे. त्यांत पवित्र मरिया चार सुयांवर बाळ येशूचा बिनशिवणीचा अंगरखा विणीत बसली आहे. गळ्याचे टाके सुयांवर आहेत, आणि देवदूत क्रूस व भाला घेऊन समोर उभे आहेत. योहानकृत शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायांत ज्या अंगरख्यासाठीं शिपायांनीं चिठ्ठ्या टाकिल्या तोच तो, असें चित्रकाराच्या मनांत असावें. मुलांनीं तें चित्र पुष्कळ वेळ पाहिलें. “ती चुकली तर तिलाहि उसवावें लागत असेल ना?” असें एकीनें विचारलें. आम्ही होय म्हणालों.

हीच मुलगी जानेवारींत अकरा इंच विणून झाल्यावर बगलेचे टाके चुकल्याचें पाहून रडूं लागली. दुसऱ्या दिवशीं तिनें सारें उसवून गुंडा करून आणला. मार्चमध्यें परीक्षेची उत्तरपत्रिका तिच्या हातीं येईल तेव्हां ती उसवितां येणार नाहीं; एकदां लिहिलें तें लिहिलें. आमच्या मुलांच्या आठवड्यांत असे तास पुष्कळ आहेत कीं जेथें चूक म्हणजे गुण गेले. चूक स्वतः पाहावी, स्वतः उसवावी, त्याच धाग्यानें पुन्हां आरंभ करावा, आणि कोणीं गुण कापूं नयेत, असा तास आठवड्यांतून एकच आहे. तो शनिवारचा. तो काढून घेण्यापूर्वीं पालकांनीं एकदां वर्गांत येऊन बसावें अशी आमची विनंति आहे. येतांना काम आणलें तरी चालेल.

कपाटांतील पत्रकें ठिसूळ झालीं आहेत, म्हणून त्यांच्या नकला करून घेत आहों. ज्यांच्या घरीं आजीबाईंच्या दहा व बारा क्रमांकांच्या सुया पडून असतील त्यांनीं जूनमध्यें शाळेकडे पाठवाव्या. आमच्याजवळ नऊच जोड आहेत आणि त्यांतील एका सुईचें टोंक मोडलें आहे. त्या सद्गृहस्थांच्या चिरंजीवांचा स्वेटर, पाठ, छाती आणि उजवी बाही होऊन, सुटीसाठीं घरीं गेला आहे. डावी बाही राहिली आहे.