ध्यान कशासाठी, ते आधी ठरवा

२१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिन, संयुक्त राष्ट्रांनी २०२४ मध्ये जाहीर केलेला. त्या दिवशी तुमच्याही कॉलेजात एखादं शिबिर लागेल. पण तुम्हाला नक्की हवंय काय?

तळेगाव (श्यामजी पंत) इथून एसटीने अमरावतीकडे निघालात की वाटेत गुरुकुंज मोझरी लागतं. तुकडोजी महाराजांच्या या आश्रमात पहाटे सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते. रूमवर एकटं वाटतं, रुटीन बसत नाही, अशांना चार जणांसोबत बसणं सोपं जातं.

इगतपुरीच्या विपश्यनेचं गणित वेगळं. शिबिर दहा दिवसांचं. मौन पाळायचं, फोन जमा करायचा, रोज दहाएक तास बसायचं. फी नाही, सगळं दानावर चालतं. स्वतःच्या सवयी मुळातून पाहायच्या असतील तर सुट्टीत जरूर जा. पण सेमिस्टरच्या तोंडावर, मार्क वाढतील म्हणून जाल तर अभ्यासाचे दहा दिवस तेवढे जातील!

पेपरपुरतं लक्ष टिकवायचंय? मग दहा मिनिटं श्वास मोजा. मन भटकलं की पुन्हा एकपासून. हे परत आणणं हाच सराव. त्याला ॲप कशाला? ज्या फोनमुळे लक्ष उडतं, तोच हातात घेऊन बसायचं म्हणजे गंमतच.

आणि झोपच उडालीय, जगणं नकोसं वाटतंय, असं असेल तर ध्यानाचे प्रयोग बाजूला ठेवा. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत नंबरवर बोला. मराठीत बोलता येतं.