दोन तारांवरची हजेरी



विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की आमच्या अंथुर्णे परिसरात एक प्रयोग हमखास दिसतो : उसाच्या रानातला ओलावा मोजणारं यंत्र. आर्डुइनो बोर्ड, मातीत खोचलेला सेन्सर आणि आकडा दाखवणारा छोटा डिस्प्ले. मागच्या खेपेला आठवीतल्या एका मुलाचा डिस्प्ले उजळला, पण त्यावर नुसती चौकोनांची रांग. "सर, डिस्प्ले गेलाय. पप्पा म्हणतात, तयारच मॉडेल आणू." खरं सांगतो, मीही क्षणभर तेच म्हणणार होतो.

डिस्प्ले ठणठणीत होता. चुकला होता तो हजेरी क्रमांक.

बोर्ड आणि डिस्प्लेच्या पाठीवरची चिप 'आय-टू-सी' पद्धतीने बोलतात. फिलिप्स कंपनीने ही पद्धत १९८२ मध्ये आणली. तारा दोनच : एक ठेका देणारी, दुसरी माहितीची. प्रत्येक ठेक्याला एक बिट, ० किंवा १. एकाच जोडीवर अनेक चिप असू शकतात, म्हणून बोर्ड आधी सात बिटांत क्रमांक पुकारतो. आठवा बिट 'लिहायचंय की वाचायचंय' ते सांगतो. नवव्या ठेक्याला बोर्ड गप्प बसतो आणि ज्या चिपचा तो क्रमांक आहे, ती माहितीची तार ० वर ओढते. म्हणजे, "हजर, सर!"

या डिस्प्लेच्या पाठीवर साधारण दोन प्रकारच्या चिप येतात. एकीचा क्रमांक बहुधा ३९, दुसरीचा ६३. उतरवून घेतलेल्या प्रोग्रॅममध्ये ३९ होता, मुलाच्या डिस्प्लेवर ६३ वाली चिप होती. आम्ही सगळे क्रमांक एकेक करून पुकारणारा छोटा प्रोग्रॅम चालवला. ६३ ला 'हजर' आलं. एक आकडा बदलला आणि अक्षरं उमटली!

आता माझं मत. ग्रामीण मुलांचा कोड कसाही चालला तरी पुष्कळ, असं काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने उसासाठी एआयचा प्रयोग केला, त्यात मातीतले सेन्सर आहेत. असे सेन्सर उद्या आपल्या रानातही येतील. ते गप्प झाले तर तार तुटली, वीज गेली की क्रमांक चुकला, हे कोण ओळखणार? नुसती नक्कल केलेला मुलगा यंत्र उचलून पुण्याला दुरुस्तीला पाठवेल. समजून घेतलेला बांधावरच शोधेल.

यासाठी लॅब नसली तरी चालतं. वर्गात एक मुलगी टाळ्या वाजवेल, एक मुलगा हात वर-खाली करेल. वर म्हणजे १, खाली म्हणजे ०. ३९ साठी : ०१०० १११. आठवी टाळी, 'लिहायचंय' म्हणून ०. नवव्या टाळीला ३९ क्रमांकाच्या मुलाने उत्तर द्यायचं. दुसरा कुणी बोलला की वर्ग हसतो, आणि पत्त्याचं महत्त्व पोरांच्या कायमचं लक्षात राहतं.

पालकांना एकच विनंती. तयार मॉडेल आणू नका. आणि परीक्षक मित्रहो, "हे काय करतं?" याआधी "हे कुठे अडलं होतं?" असं विचारा. त्या उत्तराला गुण द्या.