गाडीच्या रंगावरचे ओरखडे

मैत्रिणींनो, या वेळचे पत्र आर्वीच्या एका भगिनीचे आहे. त्या नुकत्याच गाडी चालवायला शिकल्या. मुलाला शाळेतून आणताना त्याच्या दप्तराचे बक्कल दाराला घासले आणि वीतभर रेघ उमटली. गाडीचे हप्ते अजून फिटायचे आहेत. यजमान दौऱ्यावरून रविवारी परतणार. "त्यांनी पाहण्याआधी घरच्या घरी ही रेघ जाईल का? नाहीतर मला पुन्हा किल्ली मिळायची नाही," असे त्या लिहितात.

ताई, आधी रेघेवरून आडवे नख हळूच फिरवा. नख अडकले नाही तर ओरखडा वरवरचा. मग त्यावर पाण्याचे दोन थेंब सोडून पाहा. रेघ दिसेनाशी झाली तर रंग शाबूत आहे, त्यावरचा पारदर्शक थर तेवढा खरचटला आहे. हल्लीच्या गाड्यांना रंगावर असा वार्निशासारखा थर असतो, पण तो आपल्या केसाहूनही पातळ! ओरखडा काढायचा म्हणजे तो बुजवायचा नसतो, त्याच्या कडा झिजवून सपाट करायच्या असतात. दरवेळी थर थोडा कमीच होतो. म्हणून हात हलका हवा.

हे मला नुकसान झाल्यावर कळले. आमच्या गाडीवर कावळ्याची घाण वाळून बसली होती. मी आपली ओटा घासावा तशी घासणी आणि भांड्यांची पावडर घेऊन भिडले. डाग गेला आणि चकाकीही गेली, बशीएवढा गोल कायमचा मंद पडला. वर्ध्यातले मिस्त्री हसून म्हणाले, "बाई, आणखी घासलं असतं त पत्राच दिसला असता." सासूबाईंनी खोबरेल तेल सुचवले. तेलाने रेघ दोन दिवस लपते खरी, पण मग धूळ चिकटून ती जास्तच उठून दिसते.

तेव्हा काम सकाळी लवकर, सावलीत करा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो, तापलेल्या पत्र्यावर पॉलिश लावताच वाळते. आधी ते दार भरपूर पाण्याने आणि गाडीच्या शांपूने धुऊन कोरडे करा. धुळीचा एक कण राहिला तरी एका रेघेच्या दहा होतील. दुकानातून बारीक दाण्याचे पॉलिश आणा. रबिंग कंपाउंड जास्त खरखरीत असते, त्याने सुरुवात नको. कापड मायक्रोफायबरचे उत्तम. नाहीतर धुऊन धुऊन मऊ झालेले जुने धोतर चालेल. नवी खादी मात्र नको, बरं का! वाटाण्याएवढे पॉलिश घेऊन दोन मिनिटे हलक्या हाताने गोल फिरवा, पुसा, उजेडात पाहा. असे दोन-तीनदा करा आणि थांबा. अंधूक खूण उरली तर उरू द्या. शेवटी मेणाचा हात द्या. जुन्या, पारदर्शक थर नसलेल्या गाडीचा रंग कापडाला लागतो. त्याने घाबरू नका, पण जोर आणखी कमी करा.

दात घासायच्या पेस्टबद्दल पुष्कळजणी विचारतात. बारीकशी रेघ तिने फिकी होते, पण प्रत्येक पेस्टचा दाणा निराळा, म्हणून मी ती सुचवत नाही. नख अडकत असेल तर घासूच नका, गाडीच्या रंगाचा क्रमांक पाहून तेवढाच रंग भरून घ्या. पत्रा दिसत असेल तर पावसाळ्याआधी, नाहीतर गंज धरेल.

आणि यजमानांना फोनवर आजच सांगून टाका हो. आमच्याकडे रोज सकाळी "हे" स्वतः कोरड्या फडक्याने धूळ पुसत. उन्हात तिरपे पाहिले तर अख्ख्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा! धुळीवर कोरडे फडके म्हणजे पॉलिश कागदच. तुमच्या घरची गाडीही एकदा अशी तिरपी पाहा, मग दप्तराच्या एका रेघेबद्दल कुणी फार बोलणार नाही.

वापरलेले कापड इतर कपड्यांत टाकू नका. वेगळे धुऊन, वाळवून पिशवीत बांधून ठेवा. जमिनीवर पडले तर मात्र न धुता पुन्हा गाडीला लावू नका.