टपालपेटीची किल्ली कोणाच्या हाती?

एक काळ असा होता की, गावातल्या फार थोड्या लोकांना लिहितावाचता येई. मुंबईला नोकरीस गेलेल्या मुलाचे पत्र आले म्हणजे म्हातारी आई ते पदरात बांधून शाळामास्तरांच्या ओटीवर जाई. मास्तर पत्र वाचून दाखवीत, उत्तरही लिहून देत. पण त्यामुळे घरातले सुखदुःख आधी मास्तरांना कळे आणि मग आईला! पुढे पेडणे-डिचोलीच्या वाड्यावाड्यांत शाळा पोचल्या, मुले शिकली आणि ही परस्वाधीनता संपली. संपली असे निदान आम्ही समजत होतो.

गेल्या वर्षी आमचा एक माजी विद्यार्थी काळवंडलेल्या चेहऱ्याने आमच्याकडे आला. त्याचा ई-मेलचा पत्ता बाजारातल्या एका दुकानात काढून घेतलेला होता. परवलीचा शब्द दुकानदाराच्या वहीत होता, आणि खात्याला जोडलेला फोनही दुकानदाराचाच. पुढे दुकान बंद पडले, तो नंबरही बंद झाला. प्रवेशाचे पत्र येऊन पडले होते. पण ते उघडणार कसे? मुदत टळून गेली. मुलगा दहावी उत्तीर्ण झालेला, तीन भाषा लिहिणारा! मग त्या म्हातारीत आणि त्याच्यात अंतर ते काय राहिले?

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, ई-मेलची व्यवस्था प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने, शक्य तर घरच्या संगणकावर, लावावयास शिकले पाहिजे.

त्यासाठी नवा संगणक हवाच असे नाही. आमच्या घरी दहा-बारा वर्षांचा एक संगणक धूळ खात पडला होता. त्यावरील विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. आम्ही त्यावर लिनक्स बसविले. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्‌स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा रचला, आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ पासून चालविलेल्या मुक्त आज्ञावलींच्या चळवळीशी तो जोडला गेला. तिची घडण सर्वांना पाहता येते, बदलता येते, शेजाऱ्याला देता येते. आपल्या गोव्यालाही ती नवखी नाही. या शतकाच्या आरंभी शाळांना जुने संगणक मिळवून देणाऱ्या प्रकल्पाने त्यांवर लिनक्सच चालविले होते.

पत्रांसाठी आम्ही थंडरबर्ड ही आज्ञावली घेतली. नाव, पत्ता व परवलीचा शब्द दिला की बाकीची माहिती बहुधा ती स्वतःच शोधते. तरीही आत काय घडते हे कळलेले बरे. एसएमटीपी म्हणजे पत्र नेऊन टाकणारा टपालवाला. पत्रे आणण्याच्या पद्धती दोन. पॉप पद्धतीत मूळची रीत अशी की, पत्रे घरी आणावयाची आणि टपालकचेरीतून काढून टाकावयाची. आयमॅप पद्धतीत मूळ पत्र कचेरीत राहते, आणि घरच्या संगणकावर व फोनवर तेच दिसते. आम्ही आयमॅप निवडली आणि पत्रांची एक प्रत घरी ठेवण्याची सोय केली. पावसाळ्यात इंटरनेट तुटले तरी जुनी पत्रे वाचता येतात.

सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. पहिल्या दिवशी पत्रे येईनात. सुरक्षिततेच्या दाखल्याची मुदत जुळत नाही, अशी सूचना पुनःपुन्हा येई. दोन संध्याकाळी वाया गेल्यावर लक्षात आले की, संगणकातले घड्याळ कित्येक वर्षे मागे पडले आहे! आतली बटनाएवढी बॅटरी संपली होती. ती बदलून तारीख दुरुस्त करताच पत्रे धडाधड आली. त्या दोन संध्याकाळींत आम्ही जे शिकलो ते दुकानात पैसे देऊन मिळाले नसते.

कोणी म्हणेल, फोनवर हे सारे आयते मिळते. मग हा खटाटोप कशाला? आक्षेप अगदीच खोटा नाही. शिवाय लिनक्सवर एखादा छपाईयंत्र रुसून बसतो, हेही आम्ही अनुभवले आहे. आणि घरी प्रत ठेवली तरी मूळ टपालकचेरी परक्या कंपनीचीच राहते, हेही मान्य केले पाहिजे. परंतु आयते मिळालेले बिघडले म्हणजे मनुष्य हतबल होतो. स्वतः जुळविलेले बिघडले, तर कोठे हात घालावा हे त्याला ठाऊक असते.

आणखी एक गोष्ट. आम्ही घरी कोकणी बोलतो, शाळेत मराठी शिकवितो. एकाच देवनागरी कळफलकावर आता आम्ही मावशीला कोकणीत आणि विद्यार्थ्यांना मराठीत पत्र लिहितो. 'भाषा पत्रांतून जगते' हे वर्गात सांगणे सोपे. ते करून पाहिल्यावरच पटले.

तेव्हा, विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटीत एवढे करा. परवलीचा शब्द स्वतः ठरवा, खात्याला आपल्या घरचाच फोन जोडा, आणि पहिले पत्र आजीआजोबांना वाचून दाखवा. मुंबई येथील आय.आय.टी.चे 'स्पोकन ट्युटोरियल'चे धडे मराठीतही आहेत. अडल्यास ते पाहा, नाहीतर आम्हांला विचारा. आम्ही वाट दाखवू. पण तुमचा परवलीचा शब्द मात्र आम्हांलाही सांगू नका!