वाचलेल्या भाड्यात शेजाऱ्याचा वाटा

शेजारधर्मावर आपल्याकडे निबंध पुष्कळ लिहिले जातात. परंतु भिंतीपलीकडे यंत्र चालू असेल तर हा धर्म कोणी आणि कसा पाळावा, याचा उलगडा त्या निबंधांत सहसा नसतो. घर आणि कारखाना जिथे एकाच छपराखाली नांदतात, तिथे मात्र हा प्रश्न रोज सकाळी उभा राहतो.

माझे घर सुरतेच्या डिंडोली भागात आहे. आजोळ बेळगावचे, म्हणून शिक्षणासाठी इकडे आलो आणि मराठीच्या जोडीला कन्नडही बोलू लागलो. डिंडोलीत आणि शेजारच्या उधना-लिंबायत भागात धुळे, जळगाव, नंदुरबारकडची मराठी माणसे मोठ्या संख्येने राहतात. उधना-जळगाव रेल्वेने ती कामासाठी आली आणि इथलीच झाली. कोणाच्या पुढच्या खोलीत भरतकामाचे यंत्र आहे, कोणाकडे शिलाईची यंत्रे आहेत. आमच्या घरी, गाडी ठेवण्यासाठी म्हणून सोडलेल्या जागेत, वडिलांचे लेथ, ड्रिल आणि ग्राइंडर आहे. यंत्रमागांचे झिजलेले सुटे भाग ते दुरुस्त करून देतात. माझी फी याच कामातून भरली जाते. तेव्हा या वादात मी तटस्थ आहे, असे म्हणण्यात अर्थ नाही.

तक्रार आली ती शेजारच्या घरातून. तिथले काका लूमच्या खात्यावर रात्रपाळीला जातात. सुरतेच्या यंत्रमागांवर पाळी बारा तासांची असते. ते सकाळी घरी येऊन पाठ टेकतात, आणि त्याच वेळी आमचा ग्राइंडर सुरू होतो. काकूंनी वडिलांना एवढेच विचारले, "भाऊ, ह्यांचा डोळा लागतो न लागतो तोच तुमचं मशीन सुरू होतं. आम्ही करायचं तरी काय?"

अशा प्रश्नाला आमच्याकडे तीन उत्तरे तयार असतात. पहिले, हा पोटाचा प्रश्न आहे. दुसरे, आम्ही तुमच्या आधीपासून इथे आहोत. तिसरे, साऱ्या वस्तीतच आवाज आहे, तुम्हाला आमचाच तेवढा खुपतो का? ही तिन्ही उत्तरे तपासून पाहण्यासारखी आहेत.

दुसऱ्या आणि तिसऱ्या उत्तराचा विचार लंडनच्या न्यायालयाने १८७९ सालीच केला होता. एका मिठाईवाल्याच्या स्वयंपाकघरात मोठे खलबत्ते होते आणि ते वीस वर्षांहून अधिक काळ चालू होते. शेजारी राहणाऱ्या डॉक्टरने पुढे आपल्या बागेच्या टोकाला, त्या स्वयंपाकघराला लागून, तपासणीची खोली बांधली. तेव्हा कुटण्याचा आवाज त्याला असह्य झाला. मिठाईवाला म्हणाला, मी आधीपासून आहे. न्यायालयाने ते मानले नाही. निकाल डॉक्टरच्या बाजूने लागला. मात्र त्याच निकालात असेही म्हटले गेले की उपद्रव कशाला म्हणायचे ते वस्ती पाहून ठरते. श्रीमंतांच्या बेलग्रेव्ह चौकात जो उपद्रव ठरेल, तो चामड्याच्या धंद्याच्या बर्मंडसीत ठरेलच असे नाही.

वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून मला हा विचार सोयीचा वाटतो, पण डिंडोलीचा रहिवासी म्हणून तो टोचतो. आमची वस्ती म्हणजे सुरतेची बर्मंडसीच. मग कष्टकऱ्याची झोप पैसेवाल्याच्या झोपेपेक्षा स्वस्त समजायची काय? बारा तास मागासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला झोपेची गरज अधिक असते. 'सगळीकडेच आवाज आहे' हे उत्तर म्हणूनच मला पटत नाही.

राहिला पोटाचा प्रश्न. तो खरा आहे. पण तो दोन्ही घरांचा आहे. झोप न झालेला माणूस रात्री मागावर उभा राहतो तेव्हा त्याची बोटे धोक्यात असतात. खर्चाच्या हिशोबात आम्ही लोखंड लिहितो, वीज लिहितो, तेल लिहितो. आवाजाचा खर्च मात्र आमच्या किर्द-खतावणीत कुठेच दिसत नाही, कारण तो शेजारी भरतो. औद्योगिक वसाहतीत गाळा घेतला असता तर दर महिन्याला भाडे द्यावे लागले असते. घरी काम केल्याने ते भाडे वाचते. माझे म्हणणे असे की, या वाचलेल्या भाड्यात शेजाऱ्याचा वाटा आहे. तो रोख द्यावा असे नाही. पण यंत्राखाली जाड रबर घालणे, पाया पक्का करणे, भिंतीला चिकटलेले यंत्र हातभर दूर सरकवणे आणि काही तास यंत्र बंद ठेवणे, एवढा खर्च धंद्याचा खर्च म्हणून मांडलाच पाहिजे. त्याला उपकार समजू नये.

कायदा काय म्हणतो? ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. दिवस सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत मोजला जातो. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक आवाज असेल तर अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १५२ खाली दंडाधिकारी उपद्रवी धंदा थांबवू शकतो किंवा त्यावर बंधने घालू शकतो. परंतु हे कलम साऱ्या वस्तीच्या त्रासासाठी आहे. एकट्या घराला दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते. आणि मुख्य म्हणजे, कायद्याची रात्र दहा वाजता सुरू होते, तर रात्रपाळीच्या माणसाची रात्र सकाळी सुरू होते. त्याची झोप कायद्याच्या घड्याळात बसतच नाही. ती बसवायची तर दोन घरांनी मिळून वेगळे घड्याळ लावावे लागेल.

रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाला १९९१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९६० सालच्या आपल्या गाजलेल्या लेखात त्यांनी त्याच मिठाईवाल्याचे उदाहरण घेतले आहे. नुकसान दुतर्फी असते, असे ते म्हणतात: खलबत्ता चालला तर डॉक्टरचे नुकसान, थांबला तर मिठाईवाल्याचे. बोलणी करायला खर्च पडत नसेल तर दोघे आपसांत तोडगा काढू शकतात. आमच्या गल्लीत बोलण्याला काय खर्च? मध्ये एक भिंत तेवढी आहे. तरीही ते बोलणे महाग पडते, कारण त्यात दोघांची प्रतिष्ठा अडकलेली असते.

आमच्या घरी जे ठरले ते असे. सकाळी लेथवरचे आणि हातकाम, ग्राइंडर आणि ठोकाठोक दुपारी तीननंतर, रात्री नऊला सर्व बंद. काकांची पाळी बदलली की वेळापत्रकही बदलायचे. हे सगळे गोड झाले असे नाही. माग बंद पडला की खात्याचा मालक थांबत नाही. त्याला भाग ताबडतोब हवा असतो. अशी काही कामे दुसऱ्याकडे गेली. अगदीच अडले तर वडील आधी शेजारी सांगून येतात. तोटा झाला, पण तो आता आमच्या वहीत दिसतो, शेजाऱ्याच्या डोळ्यांत नाही.

तक्रार करणाऱ्याचेही कर्तव्य आहे. कोणते यंत्र, कोणत्या वेळी, किती त्रास, हे नेमके सांगावे. पाण्याच्या किंवा गाडी लावण्याच्या जुन्या भांडणाचा सूड आवाजाच्या अर्जातून उगवू नये. पहिली पायरी दाराची, दुसरी गल्लीतील वडीलधाऱ्यांची, आणि कचेरीची शेवटची. घरातले यंत्र एकदा सीलबंद झाले की त्याबरोबर एका कुटुंबाची चूलही थंडावते. परंतु दोनदा विनवूनही जो ऐकत नाही, त्याच्याविरुद्ध अर्ज करणाऱ्याला 'भांडखोर' म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

हा प्रश्न डिंडोलीपुरता नाही. आपल्या बेळगावातही वडगाव, खासबाग, शहापूर भागांत घरोघरी माग चालले आहेत. मराठीत 'माग' आणि कन्नडमध्ये 'मग्ग'. आवाज मात्र एकच. अनेक घरांत माग असतात तोवर त्या आवाजाची सवय सर्वांना असते. गल्लीत नोकरदारांची घरे वाढू लागली, मुलांच्या परीक्षा आल्या, की तोच आवाज भांडणाचा विषय होतो. तेव्हा कोणी परका आला म्हणून गल्ली बिघडली, असे म्हणू नये. वेळापत्रक नव्याने मांडायची वेळ आली, असे समजावे.

मित्रहो, आपल्यापैकी कित्येकजण उद्या हिशोबनीस होतील, बँकेत बसतील, लहान धंद्यांना कर्जे मंजूर करतील. घरगुती उद्योगाचा ताळेबंद समोर येईल तेव्हा नफ्याच्या रकमेवर समाधान मानू नका. तो नफा कोणाची झोप खर्चून तर आला नाही ना, एवढे जरूर विचारा.

— बी. कॉम., अंतिम वर्ष